हजार फूट वेग आणि दहा मीटरचा कागद

एअर रायफलच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत एक आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो: १००० एफपीएस. म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडताना सेकंदाला हजार फूट वेगाने जातो. काही ठिकाणी १२०० असतं. त्याखाली '४ बाय ३२ स्कोप मोफत', मग एक कागदी टार्गेट, त्यावर एकमेकांना चिकटलेली तीन भोकं, आणि शेजारी एक नाणं ठेवलेलं. भोकं किती जवळ आहेत ते कळावं म्हणून.

माझा मावसभाऊ तुडीलला असतो. महाडच्या खाडीपट्ट्यातलं गाव. त्याने गेल्या दिवाळीच्या आधी मला अशा तीन जाहिराती पाठवल्या आणि विचारलं, "यातली भारी कुठली?" त्याला स्वतःला आणि आठवीतल्या मुलीला सुट्टीच्या दिवशी कागदावर नेम मारायला बंदूक हवी आहे. ऑलिम्पिक वगैरे काही डोक्यात नाही, मजा म्हणून. पण १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं तेव्हापासून घरात हा विषय निघतो आहे, हेही खरं. मी दादाला उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की जाहिरातीत जे लिहिलंय त्यावरून कुठलीच बंदूक निवडता येत नाही. आकडे आहेत, पण ते वेगळ्याच प्रश्नाची उत्तरं देतात. तर ही त्या आकड्यांची झडती.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण तिथेच पहिली गंमत आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे छऱ्याची बंदूक विनापरवाना ठेवायची तर दोन अटी आहेत. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) जास्त नको, आणि नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नको. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टू-टूची एअर रायफल असेल तर परवाना लागतो. आता शाळेतलं सूत्र आठवा: ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. टार्गेटसाठी वापरला जाणारा चपट्या तोंडाचा साधारण छर्रा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतो. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. गणित करून बघा, उत्तर येतं २४.६ ज्यूल.

म्हणजे दोनपैकी एक गोष्ट. एकतर ही बंदूक परवान्याशिवाय विकण्यासारखी नाही, किंवा हा वेग साध्या छऱ्याने मोजलेलाच नाही. बहुतेक वेळा दुसरी गोष्ट खरी असते. ०.३५ ग्रॅमचा हलका छर्रा घातला की तेवढ्याच वेगाला ऊर्जा होते १६.३ ज्यूल, आणि सगळं कायद्यात बसतं. फक्त तो हलका छर्रा तुम्ही नंतर कधी वापरत नाही. २० ज्यूलच्या मर्यादेत राहून ०.५३ ग्रॅमचा छर्रा जास्तीत जास्त सुमारे २७५ मीटर वेगाने जाऊ शकतो, म्हणजे ९०० फूट. त्यामुळे '१००० एफपीएस, नो लायसन्स' असं एका ओळीत वाचलं की विचारायचं: कुठल्या छऱ्याने? हा प्रश्न विचारला की दुकानदार गडबडतो, आणि त्यावरून दुकानाचीही थोडी परीक्षा होते.

पण समजा आकडा खरा आहे. तरी तो आपल्या कामाचा आहे का?

जगातल्या चांगल्या दहा मीटर मॅच रायफली छर्रा किती वेगाने सोडतात माहिती आहे? सुमारे १७० मीटर प्रति सेकंद. साडेपाचशे-पावणेसहाशे फूट. ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास, म्हणजे आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच प्रकारात. जाहिरातीतल्या हजारवाल्या बंदुकीसमोर ही रायफल कागदोपत्री अगदीच मवाळ वाटते. लाखांत किंमत मोजून लोक ती घेतात, कारण दहा मीटरवर वेगाने मिळतं ते फार थोडं आणि जातं ते बरंच.

मिळतं काय ते आधी. हवेचा अडथळा सोडून दिला तर १७० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटरवर पोचेपर्यंत १७ मिलिमीटर खाली पडतो. २७० वेगाचा पडतो ७ मिलिमीटर. फरक फक्त एक सेंटिमीटर, आणि तो दर वेळी तेवढाच, म्हणून साइटचा स्क्रू फिरवला की संपला. दर छऱ्याचा वेग थोडा कमीजास्त होतो, तो फरक स्क्रूने जात नाही, आणि तिथे वेगवान बंदुकीला थोडा फायदा आहे हे कबूल करायला हवं. पण १७० च्या जागी १६७ झाला तरी कागदावर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा प्रश्न आहे. शंभर मीटरवर गोष्ट वेगळी असती. आपण पडवीतून अंगणापर्यंत मारतोय.

जातं काय, तर बंदुकीची शांतता. काही हजारांत मिळणाऱ्या बहुतेक छऱ्याच्या बंदुका स्प्रिंगच्या असतात. नळी मोडून खाली ओढली की आत एक जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या समोरची हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला ढकलते. म्हणजे छर्रा नळीत असतानाच आत एक लोखंडी वजन धावतंय आणि आपटतंय. बंदूक आधी मागे येते, लगेच पुढे जाते. आता सोपा हिशोब. बंदूक खांद्यापासून टोकापर्यंत साधारण एक मीटर धरा. छर्रा सुटायच्या आधी टोक अर्धा मिलिमीटर हललं, तर दहा मीटरवर तो छर्रा पाच मिलिमीटर बाजूला जातो. वेगाच्या फरकाने अर्धा मिलिमीटर, हलण्याने पाच. वेग वाढवायचा तर स्प्रिंग आणखी जाड हवी, मग धक्का मोठा, आणि प्रत्येक वेळी हात थोडा वेगळा पडला की धक्क्याचा परिणामही वेगळा. शिवाय ती जाड स्प्रिंग दाबायला जोर लागतो. आठवीतली मुलगी दोनदा दाबेल, तिसऱ्यांदा बाबांकडे देईल. मजेसाठी घेतलेली बंदूक मग बाबांची होते.

म्हणून माझं म्हणणं: कागदावर नेम मारायला बंदूक घेताना जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा तुम्हाला चुकीच्या बंदुकीकडे नेतो.

मग बघायचं काय? जाहिरातीतला दुसरा पुरावा म्हणजे ती तीन भोकं आणि नाणं. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण प्रयोगशाळेत आम्ही जे रोज करतो तेच इथे आहे, फक्त उलटं केलेलं.

जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीने आपण सगळ्यांनीच नेम धरलाय. ती बंदूक बहुधा एका बाजूला मारते. ज्याच्या लक्षात येतं की ही दर वेळी दोन बोटं डावीकडे मारते, तो उजवीकडे नेम धरतो आणि फुगे फोडतो. त्या बंदुकीची अचूकता वाईट आहे, पण सातत्य चांगलं आहे, आणि अचूकता स्क्रूने सुधारते. सातत्य नसेल, म्हणजे एक छर्रा डावीकडे आणि एक वर, तर कुठलाच स्क्रू उपयोगाचा नाही. ते सातत्य मोजायचं असतं ग्रुपवरून: एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या छऱ्यांमधली सगळ्यात लांबची दोन भोकं घ्यायची, आणि त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं.

आता प्रश्न येतो किती छऱ्यांचा ग्रुप. समजा एका बंदुकीचा विखुरलेपणा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना प्रमाण विचलन, २ मिलिमीटर आहे. याच बंदुकीने तीन छर्रे मारले तर ग्रुप सरासरी ४.८ मिलिमीटरचा येतो. पाच मारले तर ६.१. दहा मारले तर ७.६. बंदूक तीच, माणूस तोच. छर्रे वाढले की एखादा लांब पडायची संधी वाढते, इतकंच. म्हणजे 'आमचा ग्रुप ५ मिलिमीटर' या वाक्याला छऱ्यांची संख्या सांगितल्याशिवाय काही अर्थच नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. तीन छऱ्यांचा ग्रुप फार लहरी असतो. सरासरी ४.८ असली तरी तो दर वेळी तिच्या एकतृतीयांशापेक्षाही जास्त इकडेतिकडे होतो. दहा वेळा तीन-तीन मारा, एखादा ग्रुप अडीच मिलिमीटरच्या आसपास हमखास निघेल. फोटो त्याचाच काढतात. यात खोटं काही नाही, भोकं खरी आहेत. पण प्रबंधात कुणी दहा वाचनांतलं सगळ्यात सुंदर वाचन छापलं तर मार्गदर्शक त्याला केबिनमध्ये बोलावतील. जाहिरातीत तेच नाणं शेजारी ठेवून छापतात.

दहा छऱ्यांचा ग्रुप बघायला मागा. दोन वेळा. शक्य असेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवून, म्हणजे माणसाचा हात मधून जातो आणि बंदूक तेवढी उरते. कंपनीच्या कागदापेक्षा तुमच्यासमोर मारलेले वीस छर्रे जास्त खरं बोलतात.

इथे एक उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लोक मला विचारून लाखाची रायफल घेतील. चुका बेरजेत मिळत नाहीत, वर्गांच्या बेरजेत मिळतात. नवा माणूस उभा राहून मारतो तेव्हा त्याचा स्वतःचा विखुरलेपणा १० मिलिमीटर तरी धरा. बंदुकीचा ३ मिलिमीटर असेल तर दोन्ही मिळून १०.४. बंदूक बदलून १ मिलिमीटरवाली घेतली तर १०.०५. पैसे किती गेले आणि कागदावर काय बदललं? काहीच दिसणार नाही. मात्र वर्ष-दीड वर्षात सराव होऊन त्याचा स्वतःचा विखुरलेपणा ३ वर आला की तीच पहिली बंदूक एकूण ४.२ देते आणि दुसरी ३.२. तेव्हा बदल दिसतो, आणि तेव्हाच ती बंदूक घ्यायची. पॅरिसला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच खिशात हात घालून, साधा चष्मा लावून रौप्यपदक घेऊन गेला, त्यावरून बऱ्याच जणांनी 'साधनात काही नसतं' असा निष्कर्ष काढला. त्याच्या हातातलं पिस्तूल मॅचचंच होतं हो. त्याने सोडलं ते बाकीचं सामान, आणि तेही बऱ्याच वर्षांच्या सरावानंतर.

मग पहिल्या बंदुकीत मजा कुठे असते? माझ्या मते ती तुमची चूक तुम्हाला दाखवते तिथे. चाप झटक्याने ओढला की भोक खाली जातं, श्वास धरला नाही की वर-खाली होतं, आणि ते कागदावर दिसतं. पुढच्या छऱ्याला तुम्ही ते सुधारता. हे व्हायला बंदुकीचा गोंधळ तुमच्या गोंधळापेक्षा बऱ्यापैकी कमी असायला हवा, एवढीच अट आहे. मंद, शांत, साध्या स्प्रिंगची बंदूक ती अट पुरी करते. जोरदार स्प्रिंगची करत नाही, कारण ती हातातल्या बारीकशा फरकालाही स्वतःचा धक्का जोडते, आणि मग चूक आपली की तिची ते कळतच नाही.

स्प्रिंग नको तर पर्याय दोन. दोन्हींबद्दल आपल्या हवेच्या संदर्भात बोलायला हवं, कारण जाहिराती जर्मनीतल्या हवेत लिहिलेल्या असतात असं मला नेहमी वाटतं.

एक कार्बन डायऑक्साइडवाली, बहुतेक पिस्तुलं, बारा ग्रॅमच्या कॅप्सूलवर चालणारी. यात धक्का नाही, ओढायला जोर नाही, मुलांना आवडतात. पण दाब तापमानावर चालतो. २० अंशांना कॅप्सूलमधला दाब सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२ बार. आणि ३१ अंश हे कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान. त्याच्यावर आत द्रव उरतच नाही, सगळं दाट वायू होऊन बसतं आणि दाब झपाट्याने चढतो. महाडला मे महिन्यात ३१ अंश म्हणजे सकाळी नऊ वाजताची गोष्ट. त्यात पटापट मारलं की कॅप्सूल गार पडते आणि वेग उतरतो. म्हणजे एकाच दुपारी वेग चढतोही आणि उतरतोही. डबे पाडायला ठीक आहे. कागदावर शिकायला मला आवडत नाही.

दुसरी पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची. मॅच रायफली याच असतात. धक्का जवळजवळ शून्य, प्रत्येक छर्रा सारखा. अडचण हवा भरण्याची. २०० बारला हवा भरायची तर हातपंप, कॉम्प्रेसर किंवा मोठा सिलिंडर लागतो. तुडीलला पावसाळ्यात हातपंपाने भरायची तर आणखी एक हिशोब करा. २०० मिलिलिटरच्या टाकीत २०० बारला साधारण ४० लिटर बाहेरची हवा जाते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला त्या हवेत जवळजवळ एक ग्रॅम पाणी असतं. एका भरण्याला एक ग्रॅम. दाबाखाली त्यातलं बहुतेक पाणी होऊन बाहेर पडतं. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर ते टाकीत आणि झडपेत जातं. पंपाची किंमत विचारताना फिल्टरची विचारा, आणि टाकीवर छापलेली मुदत वाचा. जुनी घेताना तर आधी तीच वाचा.

तेलाबद्दलही याच ओघात सांगते. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे लोखंडाला तेल लावायची सवय आहे, आणि घरात असतं ते शिलाई मशीनचं तेल. बाहेरून पुसायला चालेल. स्प्रिंगच्या बंदुकीत हवा दाबली जाते त्या जागी मात्र एक थेंबही सोडू नका. दाबलेली हवा तापते आणि तेल पेटतं, डिझेल इंजिनात होतं तसंच. मोठा आवाज येतो, धूर येतो, वेग अचानक वाढतो, आणि लोक म्हणतात, "बघ, तेल दिल्यावर कशी चालायला लागली." सील जळतंय ते. पीसीपीत तर साधं तेल अजिबात नको.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दस्ता खांद्याला लावून मुलीचं बोट चापापर्यंत आरामात पोचतंय का, मान न वाकवता डोळा साइटवर येतोय का, हे बघा. ते दुकानात हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मॅच रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, पण आठवीच्या मुलीला तीन किलोसुद्धा दहाव्या छऱ्याला जड होते. चाप जड आणि खरखरीत असेल तर नेम ओढण्यातच जातो. मोफत स्कोप काढून ठेवा. स्वस्तातले बरेच स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर चित्र धूसर दिसतं, आणि डोळा जरा सरकला की फुलीही टार्गेटवर सरकते. भिंतीवरचं घड्याळ बाजूने बघितलं की काटा मिनिटभर पुढे-मागे दिसतो ना, तसं. पुढे माशी आणि मागे बारीक भोकाची साइट असेल तर दहा मीटरला ती पुरते. ऑलिम्पिकची दहा मीटर रायफलही दुर्बिणीशिवायच मारतात.

आणि घ्यायच्या आधी एकदा रेंजवर जा. कुसाळेचा प्रकार ५० मीटरचा, त्याची रायफल पॉइंट टू-टू काडतुसाची, तिला परवाना लागतो. पण या खेळात बहुतेक जण शिरतात ते दहा मीटरच्या छऱ्यानेच. आपल्या रायगड जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. तुडीलहून शंभरावर किलोमीटर पडतं, रोजचं नाही, पण दोन दिवसांसाठी जाऊन रेंजवरची रायफल हातात घेऊन बघण्यासारखं आहे. तिथे दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. तो बघितला की हजार फुटांचा आकडा आपोआप विसरायला होतो.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांबवलं ते. दादाने तिसरी जाहिरात पाठवली त्याखाली लिहिलं होतं, "ही घेतली तर माकडांनापण होईल."

खाडीपट्ट्यात माकडं आणि रानडुकरं शेताचं काय करतात ते मला सांगायला नको. कुणाकुणाकडे परवान्याची ठासणीची बंदूक पीक राखायला असते, ती उगाच नाही. पण 'एक बंदूक, दोन कामं' हा विचार आला की निवड लगेच वेगाच्या आकड्याकडे वळते, आणि जाहिरात बरोबर त्याच विचारासाठी लिहिलेली असते. वर 'टार्गेट' लिहायचं आणि ताकद विकायची. त्या ताकदीने माकड मरत नाही, जखमी होतं, पोटात शिसं घेऊन आठवडाभर झाडावर बसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माकडं आणि जवळजवळ सगळे रानपक्षी संरक्षित आहेत, तो गुन्हा वेगळाच. आणि नेम झाडावर वर धरलेला असतो. कागदावर मारताना मागे काय आहे ते तुम्हाला माहीत असतं, फांदीवर मारताना छर्रा कुणाच्या वाडीत उतरणार ते कुणालाच माहीत नसतं. डोळा जायला मॅच रायफलच्या निम्मा वेगही लागत नाही. मुलगी या बंदुकीवर पहिल्यांदा काय शिकेल, तर कागद की माकड, हे बंदूक घेताना ठरतं. घेतल्यावर ठरवू म्हटलं की बंदूकच ठरवते.

म्हणून दादाला मी जोराची बंदूक घेऊ नको म्हटलं, आणि उरलेल्या पैशांत एक पेटी बनवून घ्यायला सांगितलं. जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर थेट कागद चिकटवायचा नाही, दहा मीटरवरून छर्रा उलटून येतो. लाकडी पेटी, मागे लोखंडी पत्रा खाली तिरका केलेला, पुढे चिंध्या किंवा घट्ट बांधलेली वर्तमानपत्रं. पेटीच्या मागे मातीचा बांध किंवा भिंत, रस्ता नाही, पायवाट नाही, गोठा नाही. मारणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही चष्मा. छर्रे शिशाचे असतात, नंतर हात धुवायचे, मारता मारता वडापाव खायचा नाही. बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात.

आणि छर्रे एकाच प्रकारचे दहा डबे घेऊ नका. आधी तीन-चार वेगवेगळे डबे, एकेक. प्रत्येक नळीला एखादा छर्रा मानवतो आणि एखादा मानवत नाही, आणि तो कुठला हे ना कंपनी सांगू शकते ना मी. टेकवून दहा-दहा मारा, पट्टीने मोजा, कागदाच्या मागे तारीख आणि डब्याचं नाव लिहा. ते काम मुलीकडे द्या.